तांबटाचे बिऱ्हाड
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण)



संस्थेच्या २५ वर्षांवर बोला, असं सेक्रेटरी साहेब म्हणाले. पण हिशेब अहवालात आलाच आहे. मी आपला पक्ष्यांवर बोलतो.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं, म्हणून हिमायत बागेत जाऊ लागलो. दिल्ली दरवाजाजवळची ही मुघलकालीन बाग. आज तिथे कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. जवळच सलीम अली सरोवर. सुरुवातीला मला कावळा, चिमणी, पोपट आणि 'इतर' एवढेच पक्षी माहीत होते! एका सकाळी 'टुक् टुक् टुक्' असा एकसारखा आवाज आला. वाटलं, कुठेतरी पंप चालू आहे. बराच वेळ मान वर करून उभा राहिलो, तेव्हा दिसला. चिमणीएवढा, हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा. तांबट! तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज, म्हणून हे नाव. थोड्या वेळाने तो वाळक्या फांदीत चोचीने गोल भोक कोरू लागला. तेच त्याचं घर.

दुसरा धनेश. राखाडी रंग, मोठी बाकदार चोच. त्याला कोरता येत नाही, जुन्या झाडाची तयार ढोली लागते. मादी आत बसून विष्ठेने आणि चिखलाने दार लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते. त्या फटीतून नर तिला कित्येक आठवडे उंबर, वडाची फळं भरवतो.

आता मुद्द्याचं. मागच्या कंपाउंडजवळचा जुना शेवगा जुन्या सभासदांना आठवत असेल. गाड्यांवर घाण पडते, वाळकी फांदी पडेल, अशा तक्रारी होत्या. तेव्हा मी नोकरीत होतो आणि संस्थेचा खजिनदारही. रीतसर परवानगी काढली, व्हाउचरवर सही माझी. ऐन एप्रिलात झाड पाडलं. वाळक्या फांदीत नाण्याहून थोडं मोठं, अगदी गोल भोक होतं. कामगाराने विचारलं, "साहेब, हे काय?" मी म्हणालो, "कीड लागली असेल." आत काही आहे का, तेही पाहिलं नाही. ते भोक कशाचं, हे मला बागेतल्या त्या सकाळी कळलं.

येत्या सभेत गेटजवळच्या उंबराचा विषय आहे. तो आपल्या इमारतींच्या आधीपासूनचा. माझी विनंती एवढीच : धोक्याची फांदी असेल तर तेवढीच उतरवू, तीही घरट्यांचा हंगाम टाळून. गाड्या पलीकडे लावू. ढोली तयार व्हायला २५ वर्षंही पुरत नाहीत. बँकेच्या भाषेत सांगतो, मुदतीआधी ठेव मोडू नका.

५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. पण तोवर कशाला थांबायचं? रविवारी सकाळी सहाला मी गेटवर असतो. नातवंडांना पाठवा. दुर्बीण एकच आहे, पाळीपाळीने देईन.