हंडा आणि पेशी

घरच्या पातेल्यात मऊ मोकळा होणारा भात लग्नाच्या हंड्यात खाली करपतो, वर कच्चा राहतो, हे पेण-रोह्याच्या गृहिणींना काय सांगावे? औषधाचेही तसेच आहे.

कुत्रे चावून रक्त आले, तर रेबीजच्या लशीबरोबर जखमेत तयार प्रतिपिंडेही टोचतात. लशीचा गुण येईपर्यंत तीच रोगाला अडवून धरतात. ती घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढण्याची रीत जुनी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आणलेली प्रतिपिंडे मात्र टाकीत वाढवलेल्या पेशी तयार करतात. या पेशी मूळच्या हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या.

आता टाकी लांबी, रुंदी, उंचीने दुप्पट करा. आतला द्रव आठपट होतो, वरचा पृष्ठभाग मात्र चौपटच. गुरुजी, पुठ्ठ्याच्या खोक्यांनी हे मुलांना सहज दाखवता येईल. मग वरची हवा पुरेना. खालून बुडबुडे सोडायचे, पात्याने ढवळायचे. धाटावच्या कारखान्यातल्या रसायनाला ढवळण्याचे काही वाटत नाही. पण या पेशीला वनस्पतीसारखी भिंत नसते. बुडबुडा फुटला की जवळची पेशी फाटते; ढवळलेच नाही तर गुदमरते. म्हणून पात्याचा आकार, वेग, बुडबुड्यांची जाडी सारे बेताने ठरवायचे आणि उष्णता ३७ अंशांच्या आसपास राखायची.

टाकी नीट घडली, तर औषध भरपूर निघते. तेव्हाच ते खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत पोहोचण्याची आशा. आपल्या हातचे काम मात्र विसरू नका : जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि तडक दवाखाना गाठा.