जीवनाचे ध्येय आणि लांब पल्ल्याची तयारी

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने मला विषय दिला, 'जीवनाचे ध्येय'. विषय ऐकून मी जरा घाबरलोच. मी काही विद्वान नाही. एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षे कारकुनी करून सेवानिवृत्त झालेला माणूस. पण याच विषयात माझ्या हातून एक मोठी चूक झालेली आहे. ती मी पुढे सांगणार आहे. तेवढ्यापुरता बोलायचा अधिकार मला आहे असं मी समजतो.

बाबासाहेबांच्या पदव्या आपल्या लहान मुलांनाही पाठ असतात. पण त्या पदव्यांच्या मागचं वेळापत्रक आपण कधी पाहिलं आहे का? १९१३ साली ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली लंडनला आले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. जहाजाने पाठवलेली पुस्तकं टॉर्पेडोने समुद्रात बुडाली. आपल्यापैकी एखादा असता तर म्हणाला असता, नशिबातच नव्हतं! बाबासाहेबांनी मात्र निघण्यापूर्वी एक काम केलं होतं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. म्हणजे येतानाच परत जायची तारीख मनात होती.

मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली. प्राध्यापकाचा पगार, पण राहणं परळच्या चाळीत, दोन खोल्यांत. पैसा शिल्लक पडत होता तो रमाईच्या काटकसरीमुळे, हे भगिनींनी विसरू नये. १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' सुरू झाला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली आणि तिथे शाहू महाराजांनी हा तुमचा पुढारी म्हणून त्यांना लोकांपुढे उभं केलं. आता बघा, नाव झालं, पत्र निघालं, समाज मागे उभा राहिला. आपण काय केलं असतं? हारतुरे घेत बसलो असतो! बाबासाहेब जुलै महिन्यात बोटीत बसले आणि पुन्हा विद्यार्थी झाले. साठवलेले पैसे, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले उसने पाच हजार आणि शाहू महाराजांची मदत, एवढी शिदोरी. चार वर्षांची मुदत त्यांनी चुकू दिली नाही. पुढे रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी बदल करायला सांगितला, तोही त्यांनी पुन्हा लिहून पाठवला आणि १९२३ साली डी. एस्सी. मिळवली.

दुसरा दाखला धर्मांतराचा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला घोषणा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा. मध्ये एकवीस वर्षे गेली. ही वर्षे काय रिकामी गेली? अभ्यास चालू होता. १९४६ ला मुंबईत कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं सिद्धार्थ. १९५० ला श्रीलंकेला गेले, १९५४ ला ब्रह्मदेशात गेले. त्याच वर्षी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. १९५५ ला भारतीय बौद्ध महासभा. एकेक वीट रचत गेले, तेव्हा कुठे दीक्षाभूमी उभी राहिली. आपल्या दहा पारमितांमध्ये 'अधिष्ठान' ही एक पारमिता आहे. ध्येय गाठण्याचा पक्का निश्चय, असा तिचा अर्थ. एकवीस वर्षे टिकलेला निश्चय म्हणजेच अधिष्ठान.

पण निश्चय म्हणजे हट्ट नव्हे, हेही लक्षात घ्या. सिद्धार्थ गौतमांनी एकोणतिसाव्या वर्षी घर सोडलं. आळार कालाम, उद्दक रामपुत्त यांच्याकडे शिकले, पुढे शरीर सुकेपर्यंत तप केलं. या वाटेने दुःखाचं उत्तर मिळत नाही असं कळल्यावर ती वाट सोडली. ध्येय सोडलं नाही, वाट सोडली. त्यांच्या पाच सोबत्यांना ते आवडलं नाही, ते सोडून गेले. तरी त्यांनी सोडली.

आता माझी चूक सांगतो. माझ्या मुलीला दहावीला चांगले मार्क पडले. याच विहारात ती रविवारी लहान मुलांना शिकवायची. कोणी सांगितलेलं नव्हतं, आपणहून यायची. ते मला दिसत होतं, पण मी पाहिलं नाही. कचेरीतल्या साहेबांची मुलं इंजिनियरिंगला, म्हणून माझीही तिकडेच. पतपेढीचं कर्ज काढलं. दुसऱ्या वर्षी ती नापास झाली आणि म्हणाली, "बाबा, मला हे जमत नाही, मला हे नकोच आहे." मी म्हणालो, "एवढे पैसे गेले, आता मागे फिरायचं नाही." आणखी दोन वर्षे गेली. शेवटी तिनेच धीर करून ते सोडलं, बी. ए., बी. एड. केलं. आज शिक्षिका आहे, सुखात आहे. मला कधी एका शब्दाने बोलली नाही. पण ती चार वर्षे माझ्या खात्यावर आहेत. गेलेले पैसे वसूल करायला मी पोरीची वर्षे मोजली, हा कारकुनाचा हिशेबसुद्धा चुकलाच.

म्हणून आईबापांना माझी विनंती आहे. मूल न सांगता काय करतं ते पहा. त्या कामाचा चार लोकांना उपयोग काय ते पहा. ते काम करणाऱ्या माणसाकडे त्याला एकदा घेऊन जा, चार तास बसवा. ध्येय एका रात्रीत सापडत नाही, असं करता करता सापडतं.

आणि सापडलं की वही घाला. शेवटची तारीख आधी लिहा आणि तिथून मागे मोजत या. कागदपत्रं वेळेत करा. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच द्या. प्रवेशाच्या वेळी धावपळ करून कितीतरी मुलांच्या जागा गेल्या आहेत. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे, परदेशी जायचं तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. चौकशी करा. भिशीचा नंबर लागला की त्यातला काही भाग शिक्षणाच्या खात्यात टाका. लग्नात एक पंगत कमी झाली तर कोणी उपाशी राहत नाही.

माझ्या भगिनींनो, हे फक्त मुलांसाठी नाही. शाळा सुटलेली बाई चाळिसाव्या वर्षीही शिकू शकते. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून त्यासाठीच उभं आहे.

दरवर्षी या वर्धापन दिनाच्या आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी ती वही उघडून बसावं. कुठवर आलो? वाट बरोबर आहे का? मुलाला बोलू द्यावं, आणि बापाने ऐकावं. मी ऐकलं नाही, तुम्ही ऐका. एवढंच सांगून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!