गृहजीवनातील श्रद्धा व कृतज्ञता



खानदेशातील असोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. ऐन तारुण्यात वैधव्य आले. तरी त्यांची श्रद्धा ढळली नाही. दळण, चूल व शेत सांभाळताना त्या गाणी रचीत. पुत्र सोपानदेव व एका आप्ताने ती टिपून ठेवली, म्हणूनच त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जी टिपली गेली नाहीत, ती जात्याच्या घरघरीतच विरली.

आज बहुतेक घरांतील जाते थांबले आहे. परंतु पहाटे उठून भाकरी थापणारे हात थांबलेले नाहीत. त्या कष्टांची व त्यांमागील श्रद्धेची जाण मुलास करून देणे, हे शिक्षकाचे कर्तव्य होय. आई वा आजी काम करताना काय बोलते, ते मुलांना ऐकून वहीत लिहून आणण्यास सांगावे. कृतज्ञतेचा पहिला पाठ त्याच वहीत सापडेल.