अक्षरांची अनामत
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आज आम्हांला येथे चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. आम्ही काही नामांकित वक्ते नाही. बेळगावातील एका शाळेत मुलांना व्याकरण शिकविणारे साधे शिक्षक आहोत. याच न्यासाच्या पुस्तकपेढीतील पुस्तके वाचून आम्ही बी. ए., बी. एड. झालो, हे ऋण प्रथम नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. आजचे आमचे निवेदन मात्र ऋणाचे नसून अपराधाचे आहे, आणि तो अपराध आमच्याच हातून घडला आहे.

इ. स. २००० मध्ये न्यासाचा रौप्यमहोत्सव झाला. आम्ही त्या वेळी कॉलेजात शिकत होतो. संस्थेच्या आरंभकाळातील वृद्ध सभासदांच्या आठवणी लिहून घ्याव्यात, असे काम आमच्याकडे आले. सायकलवरून घरोघर हिंडून आम्ही त्या लिहून घेतल्या आणि छापखान्यातील संगणकावर स्वतः बसून टाईप केल्या. कागदाचा खर्च परवडेना, म्हणून स्मरणिकेत त्यांतल्या थोड्याच छापल्या. उरलेला मजकूर पुढच्या महोत्सवात छापू, असे ठरून त्याची सीडी कपाटात ठेवण्यात आली.

ती सीडी यंदा बाहेर काढली. चकती शाबूत होती, फायलीही उघडल्या. परंतु पडद्यावर मराठीचे एक अक्षरही नव्हते! इंग्रजी अक्षरे, कंस, स्वल्पविराम यांचा नुसता ढीग. पंचवीस वर्षे जपलेला मजकूर समोर होता आणि वाचता येत नव्हता.

हे कसे झाले, ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. संगणक अक्षर साठवीत नाही, तो आकडे साठवितो. त्या आकड्याला अक्षराचे रूप देणारा जो संच असतो, त्याला फॉन्ट म्हणतात. जुन्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी आपली अक्षरे बसविलेली असत. ‘कृतीदेव’ या प्रसिद्ध फॉन्टात ‘नाव’ हा शब्द लिहिला, तर यंत्राच्या पोटात यू, के आणि ओ ही तीन इंग्रजी अक्षरेच जमा होतात. फॉन्ट आहे तोवर आपल्याला ‘नाव’ दिसते. फॉन्ट गेला की यू, के, ओ उरतात. त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, त्यामुळे एकाचा फॉन्ट दुसऱ्याच्या कामाचा नाही.

मग आमचा फॉन्ट गेला कोठे? त्या छापखान्यातून त्याची एक प्रत आमच्या घरच्या संगणकावर आली होती. इ. स. २००८ मध्ये यंत्र बिघडले. दुरुस्त करणाऱ्याने विचारले, “मास्तर, काय काय ठेवायचे?” आम्ही ऐटीत सांगितले, “आमच्या फायली तेवढ्या सांभाळा.” त्याने त्या सांभाळल्या. परंतु फॉन्ट फायलींबरोबर राहत नाहीत. ते विंडोजच्या पोटात, त्यांच्या स्वतंत्र खणात असतात. विंडोज पुसून नवे घातले तेव्हा ते निमूटपणे गेले. दोष त्या कारागिराचा नव्हता. जे मागितले ते त्याने दिले. काय मागावे हेच आम्हांला ठाऊक नव्हते. पुढे छापखानाही बंद झाला आणि तेथील यंत्रे भंगारात गेली.

पूर्वी असे होत नसे. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. तेथे छापलेली पुस्तके आजही आपण वाचतो. ते शिशाचे खिळे कोठे गेले याची चौकशी वाचकाला करावी लागत नाही. खिळ्याने आपला ठसा कागदाला दिला की तो मोकळा झाला. संगणकात मात्र मजकूर एका घरी आणि अक्षर दुसऱ्या घरी राहते. आम्ही कुलूप जपले आणि किल्ली हरविली.

हे दुःख एकट्या मराठीचे नाही. आपल्या गावात तीन लिप्या नांदतात. कन्नडमध्ये ‘नुडी’च्या जुन्या आवृत्तींत लिहिलेले कागद आणि उर्दूत ‘इनपेज’मध्ये जुळविलेली पुस्तके ज्यांच्याजवळ आहेत, त्यांना हा अनुभव नवीन वाटणार नाही.

आता पुढची हकीकत. आमच्या फॉन्टाशी मिळताजुळता दुसरा फॉन्ट सापडला आणि त्यावरून बराच मजकूर उलगडला. परंतु त्या छापखान्यातील कंपोझिटर मोठा हौशी होता. काही जोडाक्षरे त्याने आपल्या सोयीने दुसऱ्याच जागी बसविली होती. सुट्टीत आम्ही आणि आमचे विद्यार्थी ती एकेक करून सोडवीत बसलो. जे चिन्ह चार ठिकाणी आले, त्याचा अर्थ संदर्भाने लागला. एक चिन्ह मात्र साऱ्या मजकुरात एकदाच आले आहे, आणि ते एका नावात आले आहे.

शिष्यवृत्तीसाठी पहिला निधी उभा करताना एका भगिनीने आपल्या हातातील बांगड्या काढून दिल्या, अशी आठवण त्या वेळच्या एका वृद्ध सभासदांनी आम्हांला सांगितली होती. नाव त्यांनी स्पष्ट सांगितले, आम्ही स्पष्ट टाईप केले. आज सांगणारे हयात नाहीत. आमची हस्तलिखित वही, ‘आता काय उपयोग’ म्हणून, आम्हीच रद्दीत घातली. नावाची पहिली दोन अक्षरे लागतात, शेवटचे ‘बाई’ लागते. मधले जोडाक्षर लागत नाही. ज्यांच्या दानावर आमच्यासारख्यांची शिक्षणे झाली, त्यांचे नाव आमच्या हाताने लिहिलेले असून आम्हांला वाचता येत नाही!

म्हणून काही गोष्टी सुचवितो. जुना मजकूर ज्या फॉन्टात असेल, त्या फॉन्टाची फाईल त्याच खणात, मजकुराच्या शेजारी ठेवावी. फॉन्टाचे नाव आणि परवान्याची पावती तेथेच असावी. दुसरे, त्याची पीडीएफ करताना फॉन्ट आत बांधून घ्यावा, म्हणजे निदान वाचता तरी येईल. आणि महत्त्वाचा मजकूर एकदा कागदावर छापून ठेवावा. तिसरे, तो युनिकोडमध्ये आणावा. १९९१ साली आलेल्या या पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा आकडा आहे. ‘क’चा आकडा २३२५, तो कोणत्याही कंपनीच्या फॉन्टात बदलत नाही. मात्र रूपांतर यंत्रावर सोपवून स्वस्थ बसू नये. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठविली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफार आणि ‘तऱ्हा’मधला ‘ऱ्’ येथेही हमखास घोटाळा होतो. तेव्हा जुना फॉन्ट हाताशी असतानाच, आणि नावे ओळखणारी वडीलधारी माणसे आपल्यात असतानाच, ओळीस ओळ लावून ताडून पाहावे. मूळ फाईलही टाकू नये.

चौथे, प्रती तीन असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी दुसऱ्या गावी असावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यात पुराने काय केले, ते आपण पाहिले आहे. पाचवे, दरवर्षी हिशेबतपासणी होते, त्याच दिवशी या फायली दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहाव्यात. पैशाची तपासणी होते, तशी अक्षरांचीही झाली पाहिजे.

शाळेच्या फीच्या पावतीवर आपण ‘अनामत’ हा शब्द वाचतो. तो मूळचा अरबी ‘अमानत’. दुसऱ्याची वस्तू आपल्या विश्वासावर ठेवलेली, मागितली की जशीच्या तशी परत द्यायची, तिला अमानत म्हणतात. न्यास म्हणजेही तेच. पैशाची अनामत आपण पन्नास वर्षे चोख सांभाळली. शब्दांची अनामत सांभाळण्यास आम्ही कमी पडलो, हे या सभेत कबूल करतो.

त्या नावाची जी अक्षरे लागली, ती एका कागदावर लिहून विश्वस्तांच्या हवाली केली आहेत. येथे जमलेल्या कोणाच्या आजीने किंवा पणजीने बांगड्या दिल्याचे घरात बोलले जात असेल, तर कृपा करून कार्यालयात येऊन तो कागद पाहावा. देणगीदारांच्या यादीत त्या ओळीची जागा मोकळी ठेविली आहे.