परसांतले वाफे कमी करतांना

रत्नागिरी जिल्ह्यांतील जुन्या घराच्या मागील दारीं विहीर असते, न्हाणीच्या सांडपाण्यावर अळूं माजलेलें असतें, कडेनें केळी असतात आणि उरलेल्या उघड्या जागेंत वायंगणी भाजीचे वाफे असतात. भात कापून झालें कीं या वाफ्यांत लाल माठ, मुळा, वांगीं, मिरची, वाल यांची लागवड होते. हे वाफे आठ-दहा माणसांच्या घरासाठीं आंखलेले. आज त्यांतल्या पुष्कळ घरांत दोनच वडीलधारीं माणसें राहतात. मुलें मुंबईस असतात. वाफे मात्र तेवढेच राहिले आहेत. त्यांतले किती ठेवावे हा प्रश्न ऐकणाऱ्यास किरकोळ वाटेल. ज्यांच्या कमरेवर रोज कळशी असते त्यांना तो तसा वाटत नाहीं.

निर्णय घेण्यापूर्वीं पाण्याचा हिशेब करावा. १० फूट लांब व ४ फूट रुंद वाफा सुमारें पावणेचार चौरस मीटर भरतो. उन्हाळ्यांत भरल्या पिकाच्या वाफ्यांतून दिवसाला ५ ते ७ मिलिमीटर पाणी उडून जातें असें धरलें, तर त्या एका वाफ्यास रोज १८ ते २६ लिटर पाणी हवें. दहा वाफे म्हणजे १५ लिटरांच्या बारा ते सतरा बादल्या. शिवाय जांभ्यावरची माती पातळ. तींत ओल फार काळ टिकत नाहीं. मार्गशीर्षांत रोपें कोंवळीं असतात, ऊनहि सौम्य असतें, म्हणून हा भार त्या वेळीं जाणवत नाहीं. तो फाल्गुनानंतर जाणवतो, आणि नेमकी तेव्हांच विहीर खालीं जाऊं लागते. पंप बसविल्यानें श्रम वांचतात, विहिरीचें पाणी वाढत नाहीं.

पाण्याखेरीज रोजचीं कामें निराळींच. लव्हाळा वरून उपटला तर जमिनींतल्या गांठीपासून पुन्हा उगवतो. भेंडी तीन दिवस काढावयाची राहिली कीं जून होते, आणि जून शेंगा अंगावर असलेलें झाड नव्या शेंगा कमी धरतें. वांग्याचा शेंडा सुकलेला दिसतांच खुडून नष्ट करावा लागतो. त्यांत अळी असते, आणि दुर्लक्ष झाल्यास तिची पुढची पिढी फळांत शिरते. म्हणजे वाफा सोडावयाचा तो भाजीच्या किंमतीवरून ठरविण्यापेक्षां, ती भाजी किती वेळां हात मागते यावरून ठरवावा. कोबी, फ्लॉवर, कांदे घाटावरून बाजारांत येतातच. ते प्रथम सोडावे. अळूं सांडपाण्यावर वाढतें, शेवगा व कढीलिंब एकदां रुजल्यावर फारशी चाकरी घेत नाहींत. ते राहूं द्यावे. माठ महिन्याभरांत हातीं येतो, पण दोन वाफे एकदम पेरण्याऐवजीं दर पंधरवड्यास अर्धा वाफा पेरावा. मुळे एकदम तयार झाल्यावर ते वाटण्यास निघालेला गृहस्थ प्रत्येक वाडींत भेटतो; दुर्दैवानें त्या दिवशीं शेजाऱ्यांच्या परसांतहि मुळेच असतात!

सोडलेला वाफा उघडा टाकूं नये. पहिल्याच पावसांत माती वाहून जाते. त्यावर पातेऱ्याचा जाड थर द्यावा, किंवा पावसाच्या आरंभीं ताग पेरून फुलावर येतांच तो मातींत गाडावा. पुढें कोणी मनुष्यबळ घेऊन आलें तर जमीन तयार सांपडेल.

मात्र एका गोष्टीची काळजी वाफा सोडण्यापूर्वीं घेतली पाहिजे. पुष्कळ घरांत वांग्याचें वा वालाचें बीं सासूकडून सुनेकडे आलेलें असतें. तें कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. वाफा गेला कीं तें बींहि जातें, आणि हें सहसा दोन-तीन वर्षांनीं लक्षांत येतें. सर्वांत निरोगी झाडावरचें एक वांगें पिवळें होईपर्यंत राखावें, बीं धुवून सांवलींत वाळवावें आणि कोरड्या राखेंत घालून झांकून ठेवावें. कोंकणच्या दमट हवेंत बियांची उगवण-शक्ति लवकर कमी होते. म्हणून नुसतें साठवून भागत नाहीं, दर वर्षीं दोन झाडें तरी लावावीं लागतात. त्या दोन झाडांना दिवसाला एक कळशी पाणी पुरतें.