पाळी येण्याआधीच

आरेच्या पाड्यांवर बायका मला ठामपणे सांगतात, "बाळ अंगावर पितंय, पाळी नाही, मग दिवस कसे राहतील?" यात तथ्य आहे, पण पहिल्या 6 महिन्यांपुरतं, आणि बाळाला रात्रंदिवस फक्त आईचंच दूध असेल तर. वरचं पाणीसुद्धा नाही. पुढे फसगत होते, कारण स्त्रीबीज आधी सुटतं, पाळी साधारण 2 आठवड्यांनी येते. म्हणजे पाळी न येताच दिवस राहू शकतात! आधीच रक्त कमी असलेल्या आईला लागोपाठची बाळंतपणं जिवावर बेततात. सरकारी दवाखान्यात 'अंतरा' इंजेक्शन मोफत मिळतं, दर 3 महिन्यांनी. बाळ दीड महिन्याचं झालं की घेता येतं, दूध आटत नाही. हे मी सासूबाईंसमोरच सांगते. त्यांचा होकार नसला, तर सून दवाखान्यात येतच नाही.