छापाचें यंत्र आणि माणसाचा हात

लग्नसराई जवळ आली कीं घरोघरीं पत्रिकेचा मजकूर लिहिला जातो. कुलदैवताचें नांव कोणत्या ओळींत यावें, आप्तेष्टांपैकीं कोणाचें नांव राहून गेलें, मुहूर्ताची वेळ बरोबर उतरली कीं नाहीं, यांवर घरांत दोन दिवस खल चालतो. मग तो कागद छापखान्यांत जातो आणि आठवड्याभरानें पत्रिकांचा गठ्ठा घरीं येतो. मधल्या दिवसांत त्या कागदाचें काय होतें, कोणत्या यंत्राच्या जबड्यांत कोणाचा हात हजार वेळां जातो आणि हजार वेळां सुखरूप बाहेर येतो, याचा विचार सुशिक्षित कुटुंबांत सहसा होत नाहीं. उठावाच्या अक्षरांनीं छापणारें यंत्र कामासाठीं कसें जोडावें आणि तें जोडतांना व चालवितांना हात कसा राखावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

छपाईच्या या प्रकाराचें तत्त्व रबरी शिक्क्याचेंच आहे. जो भाग उंच त्यास शाई लागते. जो खोल तो कोरा राहतो. शिसें, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्र धातूचे खिळे ओतलेले असतात आणि प्रत्येक खिळ्याच्या माथ्यावर उलटें अक्षर असतें. हे खिळे सर्व एकाच उंचीचे असावे लागतात. इंग्रजी-अमेरिकन मापाप्रमाणें ती उंची ०·९१८ इंच असते. एखादा खिळा केसभर उंच राहिला तर कागद फाटतो, केसभर खालीं राहिला तर अक्षर उमटत नाहीं. सारी यंत्रजोडणी या केसभर अंतराभोंवतीं फिरते.

महाराष्ट्रांत या विद्येचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. विल्यम केरी याचें मराठी व्याकरण १८०५ सालीं बंगालमधील श्रीरामपूर येथें छापलें गेलें. पुढें मुंबईंत अमेरिकन मिशनचा छापखाना सुरू झाला आणि अनेक एतद्देशीय कारागिरांची ती पाठशाळाच ठरली. जावजी दादाजी हे बालपणीं त्याच छापखान्यांत नोकरीस लागले. त्यांनीं १८६४ मध्यें स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कुशल कारागिरानें कोरलेल्या अक्षरांमुळें निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांस जो लौकिक मिळाला, तो आजही जुन्या पुस्तकांच्या संग्राहकांस ठाऊक आहे. १८८१ च्या जानेवारींत पुण्यास ‘केसरी’ निघाला, तोही याच उठावाच्या अक्षरांतून.

देवनागरीच्या जुळाऱ्यास इंग्रजी जुळाऱ्यापेक्षां अधिक सोसावें लागे. इंग्रजीच्या छोट्या व मोठ्या लिपीचें काम थोड्या खणांत भागतें. देवनागरीस काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरें धरून शेंकडों निरनिराळे खिळे लागत. कांहीं पद्धतींत मात्रा आणि उकार वेगळ्या खिळ्यांवर ओतून अक्षराच्या वर व खालीं बसवीत, म्हणजे एकेक ओळ तीन पदरी होई. जितके तुकडे अधिक, तितकी सैल पडण्याची भीति अधिक. फर्मा घट्ट आवळण्याची शिस्त मराठी छापखान्यांत कडक असावी लागे, तिचें एक कारण हें आहे.

मोठ्या शहरांत दैनिकें छापण्यासाठीं रुळाचीं मोठीं यंत्रें आलीं. लंडनच्या ‘टाइम्स’नें तर २९ नोव्हेंबर १८१४ चा अंक वाफेवर चालणाऱ्या यंत्रानें छापला होता. परंतु लहान गांवांचा छापखाना चालविला तो ट्रेडलनें. अमेरिकेंत जॉर्ज गॉर्डन यानें १८५१ च्या सुमारास या जातीच्या यंत्राचें पेटंट घेतलें. शिवणयंत्राप्रमाणें पायानें चालणारें, एका खोलींत मावणारें आणि विजेवांचून काम देणारें हें यंत्र बाजाराच्या गांवास फार सोईचें होतें. हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ तालुक्यांत जवळा बाजार आहे; गांवाच्या नांवांतच बाजार. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होता, नंतर परभणी जिल्ह्यांत, आणि १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्हा स्वतंत्र झाला. जेथें शेतमालाचा व्यवहार होतो तेथें आडतीच्या पावत्या, हिशेबाचीं पुस्तकें, जत्रेचीं पत्रकें आणि लग्नाच्या पत्रिका लागतातच. हें सारें ट्रेडलचें काम. अशा गांवच्या छापखान्यांत मालक, जुळारी आणि यंत्र चालविणारा बहुधा एकच माणूस असतो. फार तर हाताखालीं एखादा मुलगा.

ट्रेडलचे दोन पाट पुस्तकाच्या दोन पुठ्ठ्यांप्रमाणें उघडतात व मिटतात. एका पाटावर खिळ्यांचा फर्मा उभा बसविलेला असतो, दुसऱ्यावर कागद ठेवावयाचा. पाट उघडले कीं रूळ वरून खालीं येऊन अक्षरांस शाई लावतात. रूळ परत गेले कीं पाट मिटतात आणि ठसा उमटतो. त्या उघडझापीच्या अवधींत उजव्या हातानें कोरा कागद ठेवावयाचा आणि डाव्यानें छापलेला काढावयाचा. सरावलेला माणूस तासास सुमारें हजार कागद असे काढतो. म्हणजे साडेतीन सेकंदांत एकदां दोन्ही हात जबड्यांत जातात.

आतां जोडणीचा क्रम पाहूं. पहिलें काम फर्मा आवळण्याचें. सपाट दगडावर किंवा लोखंडी पाटावर जुळलेला मजकूर ठेवून त्याभोंवतीं लोखंडी चौकट ठेवतात आणि मधल्या मोकळ्या जागेंत लांकडी वा धातूचे ठोकळे भरतात. तत्पूर्वीं दगड पुसून घ्यावा. वाळूचा एक कण खालीं राहिला तरी त्यावरचा खिळा उंच होतो. पाचरी प्रथम हातानेंच बसवाव्या, मग मजकुरावर सपाट लांकूड ठेवून हलकेच ठोकावें, म्हणजे सर्व खिळे तळाशीं टेकतात. नंतर पाचरी पूर्ण आवळाव्या. आधीं आवळून मागून ठोकण्याची घाई जो करतो, तो खिळ्यांचे माथे चेपतो. शेवटीं चौकटीचा एक कोपरा बोटभर उचलून त्याखालीं ठोकळा द्यावा आणि अक्षरांवर बोटांनीं दाबून पाहावें. एकही खिळा हालला तर फर्मा यंत्रावर चढवूं नये. चालत्या यंत्रांत निसटलेला खिळा रूळ फाडतो, पाट खचवितो आणि तो पकडण्यासाठीं माणसाचा हात आपोआप पुढें जातो. अपघाताचें बीज अशा सैल फर्म्यांत असूं शकतें.

फर्मा चढविण्यापूर्वीं यंत्र पूर्ण थांबलेलें असावें. पायाच्या यंत्राचें मोठें चाक स्थिर झालें आहे हें डोळ्यांनीं पाहावें; विजेच्या यंत्राचा पट्टा काढावा किंवा वीज बंद करून ती दुसऱ्यानें चालूं न करण्याची तजवीज करावी. चाकांत सांठलेला वेग फसवा असतो: पाय काढला तरी यंत्र कांहीं फेरे फिरत राहतें. तेलपाणी याच वेळीं करावें. चालत्या यंत्रांत तेलाची बुदली घालूं नये.

यानंतर कागदाच्या पाटावरचें जुनें अस्तर काढून नवें घालतात. आधीं अस्तर कमीच ठेवावें. ठसा फिका आला तर एकेक पातळ कागद वाढवितां येतो. पण जाड अस्तरानें पहिल्याच दाबांत खिळे ठेंचले तर तें नुकसान भरून येत नाहीं. कागद धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या आणि कागदाच्या कडा लावण्याच्या खुणेच्या टांचण्या अक्षरांच्या वाटेंत येत नाहींत ना, हें नीट पाहावें. मग यंत्राचें चाक हातानें एक पूर्ण फेरा फिरवावें. पट्टी अक्षरावर बसत असेल, टांचणी खिळ्यास लागत असेल किंवा फर्मा उंच असेल, तर तें या एका संथ फेऱ्यांत कळतें. ज्या छापखान्यांत हा हाताचा फेरा चुकत नाहीं, तेथें मोडतोड क्वचितच होते.

रुळांची उंचीही अशीच पारखावी. रुळानें अक्षराच्या माथ्यास नुसता स्पर्श करावा. खोल गेला तर अक्षराच्या कडांस शाई सांचते आणि ‘ष’ व ‘ध’ यांचीं पोटें भरून जातात. पूर्वीं हे रूळ सरस आणि गूळ यांच्या मिश्रणाचे ओतीत. पावसाळ्यांत ते मऊ पडत आणि थंडींत कडक होत, म्हणून ऋतूप्रमाणें त्यांची मांडणी बदलावी लागे. पहिला ठसा काढल्यावर जेथें अक्षर फिकें तेथें अस्तराखालीं पातळ कागदाचा तुकडा चिकटवितात. हें ठिगळकाम चिकाटीचें असतें. चांगल्या छापाचें श्रेय पुष्कळदां त्यासच असतें.

आतां मुख्य प्रश्न हाताचा. दाब तोडण्याचा दांडा बहुतेक ट्रेडलला असतो. कागद वांकडा बसला तर डाव्या हातानें तो दांडा ओढावा, म्हणजे पाट मिटले तरी ठसा उमटत नाहीं. पुष्कळांची समजूत अशी असते कीं दांडा ओढला म्हणजे हातही सुरक्षित झाला. ही समजूत घातक आहे. दांड्यानें पाटांत पडणारें अंतर कागदापुरतें असतें; बोटांपुरतें नसतें. म्हणून पहिला नियम असा कीं निसटलेल्या कागदाच्या मागें हात नेऊं नये. तो बिघडूं द्यावा, पडूं द्यावा. हा नियम ऐकावयास सोपा आणि पाळावयास कठीण आहे, कारण पडत्या वस्तूस झेलणें हा हाताचा स्वभाव आहे. तो स्वभाव मोडावा लागतो आणि त्यास आठवडे लागतात. यासाठीं नव्या माणसास प्रथम शाई व फर्मा यांवांचून, अगदीं संथ गतीनें, नुसते कागद घालण्याचा सराव द्यावा.

दुसरा नियम पोशाखाचा: सैल बाही, लोंबता गमछा, धोतराचा सोगा, बोटांतली अंगठी यांस यंत्राजवळ स्थान नाहीं. तिसरा नियम आडकाठीचा. पाट मिटूं लागतांच समोरून वर येऊन हात बाहेर लोटणारी पट्टी या यंत्रास लावतां येते. ती कागद घालण्याच्या वेगास किंचित् आड येते, म्हणून कामाच्या गर्दींत ती काढून ठेवण्याचा मोह होतो आणि एकदां काढलेली पट्टी परत लागत नाहीं. चौथा नियम सफाईचा: चिंध्या, रॉकेल आणि पेट्रोल हीं झांकणाच्या डब्यांत ठेवावीं, विडी बाहेर ओढावी, आणि फिरत्या रुळास चिंधी कधीं लावूं नये. शिशाचे खिळे हाताळल्यावर जेवणापूर्वीं हात धुवावे आणि खिळा दांतांत धरूं नये. शिशाचें विष हळूहळू भिनतें.

कायद्यानें या बाबतींत कांहीं तरतूद केली होती. १९४८ च्या कारखाने कायद्यानें फिरत्या भागांस कुंपण घालण्याची सक्ति केली आणि धोक्याच्या यंत्रावर पुरेशा शिक्षणावांचून तरुण कामगार लावण्यास बंदी घातली. परंतु तो कायदा सामान्यतः विजेवर चालणाऱ्या दहा आणि विजेवांचून चालणाऱ्या वीस कामगारांच्या कारखान्यांपासून पुढें लागू होई. दोन माणसांचा छापखाना त्याच्या कक्षेबाहेर राहिला. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टांत, पुढें झालेल्या दुरुस्त्यांनुसार, एका हाताचीं चार बोटें गेल्यास कमाईची शक्ति ५० टक्के कमी झाली असें धरीत, अंगठा गेल्यास ३० टक्के आणि तर्जनी समूळ गेल्यास १४ टक्के. जुळाऱ्याच्या उजव्या हातास हा हिशेब अपुरा आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटींतच त्याचा खिळा धरलेला असतो.

हें सारें जुनें झालें, आतां संगणक आणि ऑफसेट आले, असें कोणी म्हणेल. खिळे जुळविणें बहुतेक ठिकाणीं थांबलें, हें खरें. पण ट्रेडल भंगारांत गेलें नाहीं. पावतीपुस्तकांवर अनुक्रमांक घालणें, फाडण्याच्या रेषेस भोंकें पाडणें, पुठ्ठ्यास घडी देणें आणि खोक्याचे आकार कापणें हीं कामें त्याच दोन पाटांत अद्याप होतात. अक्षरांच्या जागीं धारदार पाती बसविलेल्या असतात, म्हणजे धोका वाढलेला असतो. यंत्र जुनें, आडकाठीची पट्टी केव्हांच हरवलेली, तें शिकविणारा कारागीर निवृत्त झालेला, आणि समोर उभा राहणारा मुलगा नवा. जोडणीचा जुना क्रम आणि हातानें फिरविण्याचा तो एक फेरा यांची आज पूर्वीपेक्षां अधिक गरज आहे.

यांत गिऱ्हाइकाचाही वांटा आहे. पत्रिकेचा मजकूर शेवटच्या दिवशीं बदलून ‘उद्यां सकाळीं हवी’ असा निरोप पाठविला जातो, तेव्हां ती घाई छापखान्याच्या खोलींत रात्रीच्या जागरणाचें रूप घेते. झोपेनें जड झालेल्या डोळ्यांस साडेतीन सेकंदांचा अवधि पुरत नाहीं. मजकूर वेळेवर द्यावा, मुद्रितें एकदांच नीट तपासावीं, आणि काम देतांना यंत्रास पट्टी लावलेली आहे कीं नाहीं इतकें विचारावें. विचारणारीं दहा गिऱ्हाइकें आलीं तर मालक ती पट्टी शोधून काढील.